तेरा महिन्यांनी मोठी आई

1989 च्या जानेवारीत 'राम लखन' आला. त्यात राखी आई होती आणि अनिल कपूर तिचा धाकटा, वाह्यात मुलगा. त्याच वर्षाच्या डिसेंबरच्या शेवटी 'मैंने प्यार किया' आला. त्यात सलमान खान मुलगा होता आणि रीमा लागू त्याची आई. आता जरा जन्मतारखा बघा. अनिल कपूर डिसेंबर 1956 चा, रीमा लागू 21 जून 1958 ची. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला जो माणूस पडद्यावर लेक म्हणून उड्या मारत होता, त्याच्यापेक्षा दीड वर्षाने लहान असलेली बाई वर्ष संपता संपता आई झालेली होती. ती तेव्हा 31 वर्षांची होती. सलमान नुकताच 24 चा झाला होता.

ही काही गुप्त माहिती नाही. टीव्हीवर रीमा लागू दिसली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "अगं, ती तशी तरुणच होती हां तेव्हा." पण मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादी गोष्ट सगळ्यांना 'तशी' माहीत असली की मला चैन पडत नाही. मी एक्सेल उघडलं. पहिल्या रकान्यात रीमाची जन्मतारीख, दुसऱ्यात तिच्या पडद्यावरच्या मुलांच्या, तिसऱ्यात वजाबाकीचा फॉर्म्युला. उत्तरं अशी आली:

जुही चावला, 'कयामत से कयामत तक', 1988: रीमा तिच्यापेक्षा नऊ वर्षं आणि पाच महिन्यांच्या आसपास मोठी.

सलमान खान, 'मैंने प्यार किया', 1989: साडेसात वर्षं.

माधुरी दीक्षित, 'हम आपके हैं कौन', 1994: नऊला महिनाभर कमी.

काजोल, 'कुछ कुछ होता है', 1998: सोळा वर्षं. या यादीत आई-मुलीचं नातं निसर्गाला निदान कसंबसं जमलं असतं अशी ही एकटीच.

मोहनीश बहल, 'हम साथ साथ हैं', 1999: तीन वर्षं. इथे ती सावत्र आई आहे, त्यामुळे थोडी सूट देऊ. पण हाच मोहनीश पाच वर्षांपूर्वी 'हम आपके हैं कौन'मध्ये तिचा जावई होता.

शाहरुख खान, 'कल हो ना हो', 2003: सात वर्षं, चार महिने.

आणि संजय दत्त, 'वास्तव', 1999. इथे मी फॉर्म्युला दोनदा तपासला. एक वर्ष, एक महिना, आठ दिवस.

* * *

ही शीट मी केली त्याला निमित्त होतं. मी पुण्यात राहते, हिंजवडीत नोकरी करते आणि आठवड्यातल्या चार संध्याकाळी एका हौशी ग्रुपबरोबर तालमी करते. इंजिनिअरिंगला असताना पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका केल्या, तेव्हापासूनचा हा किडा आहे. डिग्री मिळाली, प्लेसमेंट झाली, किडा काही मेला नाही.

यंदा आमचं नवं दोन अंकी नाटक बसतंय. वाचनाच्या दिवशी दिग्दर्शकाने संहिता हातात दिली आणि म्हणाला, "तू आई वाच." माझं वय 29. माझा मुलगा झालेला नट 26 वर्षांचा आहे, दिवसा डेटा ॲनालिस्ट असतो आणि मला नावाने अगं-तुगं करतो. नायिकेसाठी 24 वर्षांची एक मुलगी आली होती. चांगली नटी आहे, तिच्याबद्दल काहीच म्हणणं नाही. वाचन संपल्यावर दिग्दर्शक मला म्हणाला, "तुझ्यात एक ठहराव आहे गं."

मुलींना ठहराव साधारण कोणत्या वयात फुटतो, यावर मी रिक्षात बराच विचार केला. आमच्याच ग्रुपमध्ये एक 34 वर्षांचा नट आहे. तो अजून कॉलेजकुमार करतो. त्याच्यात 'एनर्जी' आहे.

"दोन दिवसांत सांगते," म्हणून मी घरी आले. ते दोन दिवस, म्हणजे खरं तर दोन रात्री, मी रीमा लागूला बघत बसले. 31 व्या वर्षी आई व्हायला कुणी सांगितलं तर काय करायचं, हे महाराष्ट्रात तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

* * *

रीमा लागू ही आधी नयन भडभडे होती. तिची आई मंदाकिनी भडभडे मराठी रंगभूमीवरची अभिनेत्री. ज्या नाटकासाठी मंदाकिनीबाई ओळखल्या जात त्याचं नाव 'लेकुरे उदंड जाली'. पुढे लेकीच्या पदरात पडद्यावरची जी लेकरं पडणार होती, ती पाहता हे नाव आईच्या वाट्याला येऊन गेलेलं वाचताना मला हसू आलं होतं.

नयन लहानपणी सिनेमात बालकलाकार होती, पुण्याच्या हुजूरपागेत शिकली. लक्ष्मी रोडवरच्या त्या शाळेसमोरून मी कितीतरी वेळा दिवाळीची खरेदी करत गेले आहे. तिथल्या शाळकरी वयातच तिच्या अभिनयाकडे लोकांचं लक्ष गेलं होतं. पुढे विवेक लागूंशी लग्न झालं आणि नयनची रीमा झाली. आणि याच सुमाराला, 1979 मध्ये, ती मुंबईत युनियन बँकेत नोकरीला लागली.

बँकेचा हा भाग लोक एका ओळीत उरकतात. मला मात्र तिथे थांबावंसं वाटतं, कारण ती नोकरी तिने सुमारे दहा वर्षं केली. त्या काळात मुंबईतल्या बँका खेळाडूंना आणि नाटकवाल्यांना हौसेने नोकऱ्या देत. आंतरबँक नाट्यस्पर्धा चालत, त्यात चुरस असे. दिवसा काउंटर, संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवारी प्रयोग, अशी एक अख्खी पिढी होती. शिवाजी साटम सेंट्रल बँकेत होते. 'वास्तव'मध्ये रीमा आणि साटम हे संजय दत्तचे आईवडील आहेत. म्हणजे त्या गँगस्टरच्या घरात दोन माजी बँक कर्मचारी राहत होते! चाळीतल्या त्या घराला जो खरेपणा आहे, महिन्याच्या पगारात भागवणाऱ्या घराचा, तो मला उगाच आलेला वाटत नाही.

बँकेच्या त्या वर्षांत रीमाने जे केलं त्यात 'आई' जवळपास कुठेच नाही. 1979 चा जब्बार पटेलांचा 'सिंहासन'. 1980 चा गोविंद निहलानींचा 'आक्रोश', ज्यात ती नाचणाऱ्या बाईच्या छोट्या भूमिकेत दिसते. 1981 चा श्याम बेनेगलांचा 'कलयुग'. आणि रंगभूमीवर जयवंत दळवींचं 'पुरुष'. विजया मेहतांनी बसवलेल्या त्या नाटकात नाना पाटेकर गुलाबराव होता आणि रीमा अंबिका. गुलाबराव हा राजकारणी. शाळेत शिकवणाऱ्या अंबिकेवर तो बलात्कार करतो. ती मोडून पडत नाही, शेवटी स्वतःच त्याला शिक्षा करते, आणि ती शिक्षा कुठली हे ज्यांनी नाटक पाहिलंय ते विसरत नाहीत.

माझी मावशी दादरची. तिने 'पुरुष' पाहिलंय. मी तिला फोन करून विचारलं, काय आठवतं? तिला कथा आठवत होती, नेपथ्य आठवत नव्हतं, संवाद एकही नाही. "आवाज आठवतो," ती म्हणाली. "तो बारीक, नाजूक आवाज नव्हता. खालून यायचा. आणि पडदा पडल्यावर टाळ्या वाजवायला आमचे हात लगेच वर आलेच नाहीत." मग जरा थांबून, "तुम्ही तिला सासू म्हणून बघितलंत. आम्ही तिला घाबरलो होतो."

त्यानंतर शेखर ताम्हाणेंचं 'सविता दामोदर परांजपे'. अंगात दुसऱ्याच बाईचा वावर असलेली कुसुम. एकाच देहात दोन बायका उभ्या करायच्या, तेही कॅमेऱ्याच्या मदतीशिवाय, समोर बसलेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत. 2018 मध्ये या नाटकावर सिनेमा आला तेव्हा आमच्या वयाच्या लोकांनी गोष्ट पहिल्यांदा ऐकली. आधीच्या पिढीसाठी ती गोष्ट म्हणजे रीमाच होती.

आणि 1988 चा अरुणा राजेंचा 'रिहाई'. गावातले पुरुष कामासाठी मुंबईला गेलेले, मागे बायका, आणि परतून आलेला एक रंगेल माणूस. तो होता नसीरुद्दीन शाह. रीमा त्या गावातली एक बाई आहे जिला स्वतःचं शरीर आहे, इच्छा आहे, आणि त्याची किंमतही मोजावी लागते. त्या काळी या सिनेमावर पुष्कळ वाद झाला.

'रिहाई' 1988 चा. 'कयामत से कयामत तक'ही 1988 चाच. एकाच वर्षी एकीकडे ती स्वतःच्या वयाची, तिशीतली, इच्छा असलेली बाई आहे आणि दुसरीकडे जुही चावलाची आई. लोकांनी यातलं काय उचललं, ते आपल्याला माहीत आहे.

* * *

हौशी रंगभूमीवर आई कशी करतात हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी केलेली आहे. केसांना कानाजवळ टाल्कम पावडर. कंबरेत किंचित बाक. आवाजात कंप. खुर्चीत बसताना "आई गं". अधूनमधून ठसका. पदर खोचायचा, पदर सोडायचा. परीक्षक त्याला 'वय पकडलं' असं म्हणतात.

'मैंने प्यार किया' मी आवाज बंद करून पाहिला. रीमा यातलं काहीच करत नाही. तिचे केस काळे आहेत. पाठ ताठ आहे. ती भराभर चालते. वयस्कर दिसण्याची तिने खटपटच केलेली नाही. मग ती आई का वाटते?

माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट म्हणजे तिची नजर. मुलगा बोलत असताना ती त्याच्या शब्दांकडे लक्ष देत नाही, त्याच्याकडे देते. तो काय सांगणार हे तिला आधीच कळलेलं असतं आणि तरी तो सांगून होईपर्यंत ती वाट बघते. हसू आधी डोळ्यांत येतं, ओठांवर नंतर. दुसरी गोष्ट, ती मुलाला हात लावते तो सहज. डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देणारा हात नाही, तर जाता जाता खांद्यावर टेकलेला. रोज लागणारा हात असा असतो. मुलाने त्याची दखलही घेऊ नये, इतका सवयीचा.

तिच्या आधीची हिंदी सिनेमाची आई कशी होती ते आठवा. निरूपा रॉय. 1975 चा 'दीवार'. तिने सोसलेलं असतं, आणि ते सोसणं हीच तिची ताकद असते. मुलगा जन्मभर त्या उपकारांच्या ओझ्याखाली वावरतो. ती आई महान होती, पण तिच्या शेजारी सोफ्यावर बसून चहा प्यावा असं कुणाला वाटलं नसेल. रीमाच्या आईला मुलाकडून काहीही वसूल करायचं नव्हतं. ती त्याची थट्टा करत होती, त्याच्या प्रेमप्रकरणात त्याच्या बाजूने उभी राहत होती. 1989 मध्ये हे नवं होतं. घरात टीव्ही आलेला, मुलं एक-दोनच, आई शिकलेली, कधी नोकरी करणारी. अशा घरांतल्या आया पडद्यावर आलेल्याच नव्हत्या. रीमा ही त्यांची पहिली प्रतिनिधी.

बाकीच्या नट्या आई करायला स्वतःला म्हातारं करत. हिने स्वतःला म्हातारं केलं नाही, आईला तरुण केलं. आणि ते तिला जमलं, कारण ती खरोखरच तरुण होती. तीस वर्षांची बाई पडद्यावर आई होऊन आली आणि वय लपवायच्या ऐवजी तिने ते वापरलं.

बक्षिसांचं विचाराल तर 'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके हैं कौन' आणि 'वास्तव', अशी चार वेळा तिला सहायक अभिनेत्रीसाठी फिल्मफेअरची नामांकनं मिळाली. बाहुली एकदाही नाही.

* * *

आता तेरा महिन्यांकडे येऊ.

1957 च्या 'मदर इंडिया'त नर्गिस आई आहे आणि सुनील दत्त तिचा मुलगा, बिरजू. शेवटी आई मुलाला गोळी घालते. नर्गिसचा जन्म 1 जून 1929 चा. सुनील दत्तचा 6 जून 1929 चा. आई मुलापेक्षा पाच दिवसांनी मोठी. 1958 मध्ये त्या दोघांनी लग्न केलं. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत नयन भडभडे जन्मली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये नर्गिस आणि सुनील दत्तला मुलगा झाला, संजय.

चाळीस वर्षांनी महेश मांजरेकरांनी 'वास्तव' केला. संजय दत्त त्यात रघू आहे. पावभाजीच्या गाडीपासून सुरू होऊन गुन्हेगारीत बुडालेला. शेवटी सगळीकडून घेरलेला, भ्रमिष्ट होत चाललेला रघू आईकडे सुटका मागतो, आणि आई त्याच्याच पिस्तुलाने त्याला मारते. पडद्यावर मुलाला गोळी घालणाऱ्या हिंदी सिनेमातल्या सर्वांत प्रसिद्ध आईचा खरा मुलगा पुन्हा पडद्यावर आईच्याच गोळीने मरतो. आणि या वेळची आई त्याच्यापेक्षा तेरा महिन्यांनी मोठी.

कागदावर हे हास्यास्पद आहे. 41 वर्षांची बाई, 40 वर्षांचा मुलगा. तो तिच्या दुप्पट दिसतो. पण सिनेमा बघताना ही वजाबाकी एकदाही मनात येत नाही. मी मुद्दाम आठवायचा प्रयत्न केला, तरी येईना.

या सिनेमातला रघू आईला गळ्यातलं सोनं दाखवतो तो प्रसंग तुम्ही मीममध्ये शंभरदा पाहिला असेल. पन्नास तोळेवाला. मीममध्ये दिसतो फक्त संजय दत्त. कधी तो प्रसंग पूर्ण लावा आणि फक्त तिच्याकडे बघा. मोठा आवाज, मोठे हातवारे सगळे त्याच्याकडे आहेत. तिच्या वाट्याला आहे ते फक्त बघणं. पण त्या घरात जे आलंय ते सोनं नाही, संकट आहे, हे प्रेक्षकाला कळतं ते तिच्यामुळे. मोठ्या नटाला मोठं होऊ द्यायचं आणि प्रसंगाचा अर्थ आपल्याकडे ठेवायचा, ही रंगभूमीवर वर्षानुवर्षं उभं राहिल्यावर येणारी गोष्ट आहे. 'पुरुष'मध्ये नाना पाटेकरसमोर उभं राहिलेल्या बाईला संजय दत्तचं काय दडपण येणार?

* * *

आमच्या वयाच्या मुलांना ती आधी भेटली टीव्हीवर. आम्ही जन्मलो त्याच्या आसपासच्या मालिका आम्ही रिपीटला आणि पुढे यूट्यूबवर पाहिल्या. 1994 हे तिचं वर्ष मला फार आवडतं. त्या वर्षी थिएटरात ती माधुरीची आई होती, सोज्वळ, समजूतदार. दूरदर्शनवर 'श्रीमान श्रीमती'मध्ये ती कोकिळा कुलकर्णी होती. नवरा जतीन कनाकिया शेजारच्या अर्चना पूरणसिंगवर लट्टू आणि शेजारचा राकेश बेदी हिच्यावर. म्हणजे छोट्या पडद्याने तिला एक गोष्ट दिली जी मोठ्या पडद्याने काढून घेतली होती. इथे कुणीतरी तिच्यासाठी पाघळत होतं. आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या, सचिनने दिग्दर्शित केलेल्या 'तू तू मैं मैं'मध्ये ती सुप्रियाची सासू होती. सासू 36 वर्षांची, सून 27 ची.

'तू तू मैं मैं' आज बघताना विनोद काही ठिकाणी जुना वाटतो, भांडी आदळणं जास्त वाटतं. पण या दोघींचं टायमिंग अजून ताजं आहे. सुप्रियाचं वाक्य संपायच्या आत रीमाचा चेहरा उत्तर देऊन मोकळा झालेला असतो. मग ती अर्धा क्षण थांबते. त्या अर्ध्या क्षणात घरोघरचे प्रेक्षक आपापल्या सासूला ओळखून घेत असावेत. मग वाक्य येतं. भाषा हिंदी, पण त्यातला खोचकपणा अस्सल मराठी आहे. एखाद्या चाळीच्या गॅलरीतून थेट स्टुडिओत आलेला.

सिनेमातली आई मुलाच्या गोष्टीत असते. तिला स्वतःची गोष्ट नसते. टीव्हीवरच्या सासूला मात्र हट्ट होता, लबाडी होती, हार होती, दुसऱ्या दिवशी पुन्हा कुरापत होती. ती हरली तरी गोष्ट तिचीच होती. मला वाटतं म्हणूनच आमच्या मनात ती 'अमुकची आई' म्हणून नाही, तर रीमा म्हणून राहिली.

* * *

मी दिग्दर्शकाला काय सांगितलं, ते सांगते.

दोन रात्री बघून झाल्यावर मला वाटलं होतं की मला राग येईल. तिच्या वतीने, माझ्या वतीने. थोडा आलाही. तिच्या वयाचे नट त्या वर्षांत नाचत होते, कॉलेजात जात होते, पडद्यावर आयांच्या कुशीत डोकं ठेवत होते, आणि ती कूस तिची होती. हा अन्याय आहे आणि त्याला दुसरं नाव नाही. आलोक नाथही तिशीतच 'बाबूजी' झाले, हे खरं. पण हिंदी सिनेमात त्यांच्या वयाच्या पुरुषासाठी दहा वेगळी दारं होती.

तरीही एक गोष्ट मला सारखी दिसत होती. रीमाने बँक सोडली आणि आईच्या भूमिका सुरू झाल्या, हे साधारण एकाच सुमाराला घडलं. मला ते असं दिसतं, की तिने एक कायमची नोकरी सोडून दुसरी धरली. हिंदी सिनेमात नायिका हे कंत्राटी काम आहे. दहा वर्षं, फार तर पंधरा, मग नूतनीकरण होत नाही. आई ही कायमस्वरूपी जागा आहे. बढती नाही, बदली नाही, पोस्टरवर फोटो छोटा. पण काम रोज आहे आणि निवृत्तीचं वय नाही. बँकेच्या पगारावर 'पुरुष' करता येतं, 'रिहाई' करता येतो. पगार गेल्यावर कलेनेच घर चालवायचं, तर बाजारात त्या दिवशी ज्या कामाला भाव असेल ते करावं लागतं. बाजारात आईला भाव होता. तिने ते काम घेतलं आणि असं केलं की पुढच्या सगळ्यांना आई करताना तिच्यासारखी करावी लागली.

माझा पगार हिंजवडीतून येतो. म्हणजे मी अजून बँकेच्या वर्षांत आहे. 'नाही' म्हणायची चैन मला परवडते, आणि ती परवडते तोवर 'हो' सुद्धा नीट निवडून म्हणावं, असं मला वाटलं.

मी संहिता पुन्हा वाचली. आईची भूमिका चांगली होती. दुसऱ्या अंकात एक प्रवेश आहे, तो नायिकेच्या कुठल्याही प्रवेशापेक्षा चांगला आहे. मी हो म्हटलं. अट एकच घातली, पावडर लावणार नाही. दिग्दर्शक म्हणाला, "अगं, मग वय कसं दिसणार?" मी म्हटलं, "नाही दिसणार. नातं दिसेल." हे वाक्य माझं असलं तरी अक्कल कुणाची आहे ते तुम्हाला कळलंच असेल. पुढच्या नाटकात पुन्हा आईच आली तर मी नाही म्हणणार आहे. हेही मी त्याला त्याच दिवशी सांगून टाकलं.

आता तालमीत मी माझ्या 26 वर्षांच्या मुलाचं बोलणं पूर्ण ऐकायचा सराव करते आहे. हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे. आपलं पुढचं वाक्य तोंडाशी आलेलं असतं.

* * *

रीमा लागू 18 मे 2017 ला मुंबईत गेली. हृदयविकार. वय 58. आदल्या दिवशीपर्यंत ती 'नामकरण' या मालिकेचं शूटिंग करत होती. त्यात ती दयावंती मेहता होती. कडक, सत्ता गाजवणारी, नकोशी वाटणारी बाई. सोज्वळ आईचा शिक्का बसलेल्या नटीने शेवटची मोठी भूमिका दुष्टाव्याची केली, आणि मनापासून केली.

ती गेली तेव्हा बहुतेक मथळ्यांमध्ये 'ऑनस्क्रीन आई' हेच शब्द होते. साहजिक आहे. पण माझ्या मावशीसारखी माणसं अजून आहेत, ज्यांनी अंबिकेला पाहिलंय, कुसुमला पाहिलंय. ती आहेत तोवर त्यांना विचारून घ्यायला हवं. नाटक आठवणीत राहतं, आणि आठवणीचा बॅकअप नसतो.

ती गेल्यानंतर वर्षभराने, 2018 मध्ये, हृषीकेश जोशीचा 'होम स्वीट होम' प्रदर्शित झाला. दादरच्या जुन्या घरात वर्षानुवर्षं राहणारं उतारवयातलं जोडपं. नवरा मोहन जोशी. त्याचा जीव त्या घरात अडकलेला. तिला मात्र ते घर विकून टॉवरमध्ये राहायला जायचंय. नव्या, सोयीच्या, लिफ्ट असलेल्या घरात. आपल्याकडच्या सिनेमात जुन्या घराला धरून बसायचं काम सहसा बाईला देतात. इथे उलटं आहे. इथे तिला काहीतरी हवं आहे, मुलासाठी नाही, मुलीसाठी नाही, तिला स्वतःला. ती ते ठामपणे मागते, नवऱ्याशी वाद घालते, मागे हटत नाही.

तीस वर्षं ती स्वतःहून कितीतरी मोठ्या बायका करत आली होती. या सिनेमात पहिल्यांदाच भूमिकेचं वय आणि तिचं वय एकमेकांच्या जवळ आलं होतं. आवाज तसाच, खालून येणारा. पाठ तशीच ताठ.